पोवळ्यावरचे दात

जुळे सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय केराबाई यांस,
सप्रेम जयभीम.

आपली ओळख नाही, म्हणून आधी स्वतःबद्दल सांगते. माझं नाव धम्मप्रिया. सोलापुरात एका शाळेवर मुख्याध्यापिका आहे, अजून दोन वर्षांनी निवृत्त होईन. माझी आई मीनाबाई गेल्या ऑगस्टमध्ये वारली. ऐंशी वर्षांची होती. फार पूर्वी ती होटगी स्टेशनजवळच्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. माझा जन्म तिथलाच, पण मी वर्षाचीही नव्हते तेव्हा तिची बदली झाली. त्यामुळे होटगीचं मला काहीच आठवत नाही.

आईची पेटी आवरताना तिच्या नोकरीतल्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेली एक वस्तू सापडली. लहान मुलाचा खुळखुळा आहे, पण सोन्याचा. मुठीत मावेल एवढा. एका टोकाला शिट्टी, मधल्या फुगीर भागाला भोवतीनं घुंगरं, आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढं लाल पोवळं. सोन्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत तीन नावं कोरलेली आहेत: एडिथ १८७९, हेन्री १९०८, मार्गारेट १९४५. नवी पेठेतले आमच्या ओळखीचे सराफ शिवप्पा यांना दाखवला. ते म्हणाले, सोनं खरं, पोवळंही खरं, काम विलायतेचं. दात येताना बाळाच्या हिरड्या शिवशिवतात, तेव्हा चावायला हे पोवळं द्यायचे म्हणे. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. "बाई, ह्या खाचा दिसतात ना, हे दात आहेत. लेकराचे."

सोबत आईच्या अक्षरातली चिठ्ठी होती. जशीच्या तशी उतरवते: 'ही होटगीच्या केराबाई येडू यांची ठेव आहे. त्या मागायला आल्या तर द्यावी. नाही आल्या तर प्रियाने नेऊन द्यावी.'

आईने तुमचं नाव माझ्यापाशी कधीही काढलं नाही. होटगीच्या पोस्टात चौकशी केली तेव्हा तुम्ही हयात आहात एवढंच कळलं. फोन नंबर मिळाला नाही. तुम्ही सांगाल त्या रविवारी वस्तू घेऊन येते.

आपली,
धम्मप्रिया


होटगी,
२५ नोव्हेंबर २०२४

धम्मप्रियाबाईंना केराबाईचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं. ती वस्तू माजी न्हाय. मीनाबाई नावाच्या कोन्या बाईला मी वळकत न्हाय. तुमची आई गेली हे वाईट झालं. तुमी हितं येऊ नका. वस्तू तुमच्यापाशीच ठेवा न्हायतर कुनाला तरी द्या.

केराबाई

ता. क. धम्मप्रियाताई, मी केराबाईंची सून विजयमाला. गावात अंगणवाडी चालवते. सासूबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं तसं वर लिहिलं. आता माझं लिहिते. हे त्यांना वाचून दाखवणार नाही.

तुमचं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. 'आई वारली' या ओळीला दर वेळी हात वर करून थांबवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ओळखत नाही म्हणतात, ते मला पटत नाही.

आणखी एक. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून एका सोन्याच्या खुळखुळ्याची गोष्ट ऐकते आहे. तो चोरीला गेला, असं सांगतात. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण सिद्धेश्वरी, त्यांनी घेतला म्हणतात. त्या आत्यांना मी पंचवीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. त्यांचं नाव घरात निघत नाही. 

तुम्ही परत लिहा. फोन मात्र करू नका. सासूबाईंना कमी ऐकू येतं, फोनचा आवाज मोठा करावा लागतो आणि सगळ्या घराला ऐकू जातं. पत्र फक्त मीच वाचते.


जुळे सोलापूर,
१ डिसेंबर २०२४

आदरणीय केराबाई,
सप्रेम जयभीम.

येऊ नका म्हणालात, म्हणून येत नाही. पण वस्तू ठेवून घ्या म्हणालात, ते मात्र जमत नाही. का ते सरळच लिहिते.

तुमच्या घरातून असा एक खुळखुळा चोरीला गेला होता, असं मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. माझी आई बाळंतपणं करायला घरोघरी जायची. लोक तिच्यावर घर सोडून शेतात जायचे. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या सुईला हात लावला नाही, असं मी समजत आले. आता शाळेत मुलांसमोर उभी राहते आणि मनात तेच येतं. तिने तुमच्या घरातून ही वस्तू उचलली होती का? आणि नंतर परत करायला तोंड नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी लिहून ठेवली का?

मला तुमच्याकडून दुसरं काही नको. माझी आई चोर होती का, एवढंच सांगा. हो असेल तर हो म्हणा. मी सहन करीन आणि तुमच्या घरच्यांसमोर तिच्या वतीने माफी मागेन.

धम्मप्रिया


होटगी,
१३ डिसेंबर २०२४

पोरी,

तुजं पत्र ऐकून मला ऱ्हावलं न्हाय. मीनाबाईला चोर म्हनू नगंस. तिला कोनीच म्हनू नये. बिरुदेव, माजा लेक, शेळ्या घेऊन रानात गेलाय. घरात मी अन् विजू दोगीच हाय. आज सगळं सांगते. विजू, मी सांगती तसं लिव, मदी सुदरू नगं.

माजी सासू काशम्मा. तिच्या शेळ्या होत्या अन् ती रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर दूध घालायची. इंग्रज साहेब. त्याच्या मडमेला मुलगी झाली, पन तिला दूध न्हवतं अन् गाईचं लेकराला पचंना. सासूच्या एका शेळीचं तेवडं पचायचं. तेवड्या दुधावर ती पोर वाढली. इंग्रज गेलं तवा मडमेनं जाताना ह्यो खुळखुळा सासूच्या हातात दिला. सासू म्हनायची, ह्यो आपल्या शेळीनं मिळिवलाय. घरातल्या सगळ्या लेकरांनी तो हातात धरला. माजे मालक येडू, नंतर नणंद सिद्धेश्वरी. मला दिस गेले तवा सासूनं तो घासून पुसून माज्या हवाली केला. पैल्या नातवाला म्हनून.

ते लेकरू पोटातच गेलं. मुलगा हुता. मीनाबाईनं मला सोडवलं. ती सोता आट म्हयन्याची पोटुशी हुती. घरातल्या बाया म्हनल्या, हिला मेलेलं लेकरू दावू नका. मीनाबाईनं कुनाचं ऐकलं न्हाय. तिनं त्याला धुतलं, फडक्यात गुंडाळलं अन् माज्या मांडीवर दिलं. म्हनली, "केरा, बग. तुजंच हाय, बगून घे." तिनं दावलं म्हनून मला त्याचं तोंड आटवतंय.

पोरी, खरं सांगते. त्या टायमाला आमी तिच्या हातचं पानी पीत न्हवतो. बाळतपनाला तिचे हात चालायचे, पानी चालत न्हवतं.

पुडं तिला तू झालीस. तिला ताप भरला, लई दिस भरला, अन् दूध आटलं. तुजा बा रुळाच्या कामावर लांब गेलेला. वरचं दूध तू ओकून टाकायचीस. मी क्वार्टरवर दूध घालायला गेले तर तू रडत हुतीस. रडनं कसलं, नुसता बारीक आवाज. तू रडलीस अन् हितं माजी चोळी भिजली. मी काय इचार केला न्हाय. तुला उचलली अन् पदराखाली घेतली. मीनाबाई तापातनं म्हनली, "केरा, तुज्या घरात कळलं तर?" मी म्हनलं, कळंल तवा कळंल.

सात म्हयने रोज जात हुते. दूध घालायला म्हनून. मीनाबाई बरी झाली, तिनं च्या केला, तो बी मी प्याले. तुला दात यायला लागलं तशी तू मला चावायला लागलीस. म्हनून मी तो खुळखुळा कमरेला खोचून आनला अन् तुज्या हातात दिला. पोवळ्यावर दात हायत म्हनतीस ना, ते तुजे हायत.

बदलीचा हुकूम आला तवा मीनाबाई खुळखुळा परत द्यायला लागली. मी घेतला न्हाय. माज्या लेकराचा हुता, माज्या लेकराला दिला, असं म्हनले. ती रडली अन् गेली.

दोन म्हयन्यांनी थोरल्या नणंदेच्या पोराचं बारसं आलं, अन् सासूनं खुळखुळा मागितला. घर सगळं उचकटलं. सिद्धेश्वरी सोळा वर्सांची. तिला त्याचा लई नाद, बारकी असताना उशाला घेऊन झोपायची. समद्यांनी तिलाच धरलं. "तू घेतलास का?" म्हनून मालकांनी इचारलं. ती खाली बगून गप बसली. मालकांनी तिला मारलं. सासूनं तोंड फिरवलं. मी चुलीपाशी उबी हुते, पोरी. तीन हातांवर. माज्या तोंडातनं शबुद निगाला न्हाय.

म्हयन्याच्या आत तिचं लगीन लावून टाकलं, अक्कलकोटाकडं वागदरीला. मालक म्हनले, ती आमाला मेली. माहेरला परत कदी बोलावली न्हाय.

बोलले असते तर मला हाकलून दिलं असतं. माजं आई-बाप लहानपनीच गेलेलं, मी कुटं जानार? मी भ्याले. मग बिरुदेव पोटात राहिला, मग आनिक भ्याले. मग तसंच पडून राहिलं. सासू गेली, मालक गेले, मी तरी बी गप.

मीनाबाई रिटायर झाल्यावर एकदा दारात आली हुती. हातात पिशवी हुती. वसरीवर मानसं बसलेली. मी म्हनले, "तुमी कोन? घर चुकला." तिनं माज्याकडं बगितलं अन् माघारी फिरली. तुजं पैलं पत्र आलं तवा बी मी तेच केलं.

आता कळलं का चोर कोन हाय?

केराबाई

ता. क. ताई, त्या सांगत होत्या तसंच लिहिलं, एक शब्द बदलला नाही. चार वेळा थांबावं लागलं. दोनदा त्यांच्यामुळे, दोनदा माझ्यामुळे. – विजयमाला


जुळे सोलापूर,
१९ डिसेंबर २०२४

केराआई,

आता तुम्हाला दुसरं काही म्हणता येत नाही.

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत दार लावून वाचलं. नंतर सातवीच्या वर्गावर गेले आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीखच लिहीत राहिले. 

लहानपणी मी हट्ट केला की आई म्हणायची, "दोन घरचं दूध प्यालेली आहेस, जोर असणारच." मला वाटायचं, मध्येच गवळी बदलला असेल. छप्पन्न वर्षांची झाले आणि आज अर्थ कळला.

आणखी एक तुम्हाला सांगायला हवं. ती होटगीला जाऊन आली तो दिवस मला आठवतो. उन्हाची आली आणि पिशवी न सोडता पेटीत ठेवून दिली. मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, "होटगीला. ओळखीचं माणूस घरी नव्हतं." तुम्ही तिला ओळख दिली नाहीत, हे तिने माझ्यापासूनही लपवलं. तुमच्याबद्दल वाईट शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यामुळे माझ्याही तोंडून येणार नाही.

आईच्या वतीने मला काही मागायचं उरलं नाही. पण सिद्धेश्वरीबाईंचं काय? त्या आहेत का? असतील तर केराआई, मी तुमच्या पाया पडायला येण्याआधी आपण दोघींनी तिकडे जायला हवं. त्यांचं माहेर माझ्यामुळे तुटलं. मी तेव्हा वर्षाचीही नव्हते, तरी माझ्यामुळेच. तुम्ही एकट्या जाऊ नका, मी बरोबर येते.

तुमची,
प्रिया


होटगी,
११ जानेवारी २०२५

प्रियाताई,

स. न. वि. वि. हे पत्र माझं एकटीचं आहे. उत्तराला उशीर झाला, कारण घरात बरंच घडलं.

सिद्धेश्वरी आत्या आहेत. वागदरीला लेकाकडे राहतात. त्यांचे मालक जाऊन आठ वर्षं झाली. अक्कलकोटच्या एका अंगणवाडीताईंकडून माहिती काढली.

तुमचं पत्र वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी आधी जाणार नाही म्हणून सांगितलं. "ती मला दारातनं हाकलंल," म्हणाल्या. मी म्हटलं, "हाकलू द्या की." दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बिरुदेवाला मी सांगते. तू निस्ती जवळ थांब."

त्यांनी सांगितलं. आमचे हे पाटावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजी बाबांनी आत्याला उगीच मारलं?" सासूबाई म्हणाल्या, "व्हय." हे ताटावरून उठले, शेळ्या सोडल्या आणि गेले. पाच दिवस घरात कुणाशी धड बोलणं नाही. मला वाटलं, आता सगळंच मोडलं. सहाव्या दिवशी आले ते मित्राची जीप ठरवूनच. आईकडे न बघता मला म्हणाले, "रविवारी नेतो म्हनावं."

म्हणजे एकोणीस तारखेला. मला येता येणार नाही, शेळ्या व्यायला आल्यात आणि घरात कुणीतरी पाहिजे. तुम्ही सकाळी नऊ वाजता होटगी नाक्यावर थांबा. सासूबाई तुम्हाला पहिल्यांदाच बघतील, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आणि तिकडे काय झालं ते मला सविस्तर लिहा. हे दोघं घरी येऊन दोन वाक्यांत सांगून मोकळे होतील.

विजयमाला


जुळे सोलापूर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय विजयमाला,

तू म्हणालीस तसं सविस्तर लिहिते.

नाक्यावर जीप थांबली. केराआई मागे बसल्या होत्या. मी आत चढले, त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सरळ समोर बघत राहिल्या. पण माझा हात घेतला तो वागदरी येईपर्यंत सोडला नाही.  बोलण्यासारखं त्या हातात सगळं होतं.

आत्यांचं घर रस्त्यालगतच आहे. अंगणात त्या सुपाने तूर पाखडत होत्या. बारीक अंगाच्या, ताठ बसलेल्या. आम्हाला पाहून कानडीत "बर्री, कुंद्री" म्हणाल्या. या, बसा. त्यांना वाटलं, कुणी सुनेकडचे पाहुणे. बिरुदेवभाऊ जीपपाशीच थांबले.

केराआई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "सिद्धे, मी केरा."

सूप थांबलं नाही. आत्या म्हणाल्या, "कोन केरा?"

"होटगीची. तुजी वैनी."

आणखी दोन वेळा सूप हललं, मग खाली ठेवलं. "दादा गेल्याचं मला एसटीत कळलं," आत्या म्हणाल्या. "शेजारी बसलेल्या मानसानं सांगितलं. हितं माजा मालक गेला तवा तुमच्याकडनं कोन आलं न्हाय."

"न्हाय आलं," केराआई म्हणाल्या. मग एका दमात म्हणाल्या, "सिद्धे, खुळखुळा तू घेतला न्हवतास."

"ते मला ठाव हाय की."

"मी दिला हुता. दवाखान्यातल्या मीनाबाईच्या लेकीला. मी तिला अंगावर पाजत हुते."

"ते बी ठाव हाय."

विजयमाला, केराआईंना कमी ऐकू येतं म्हणून मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नसावं. पण ऐकलं होतं. त्या सुपाशेजारी जमिनीवर बसल्या.

आत्या तुरीतले खडे वेचत सांगू लागल्या. "एकदा तुज्या मागनं आले हुते. रोज दूध घालायला एवडा येळ का लागतो, बगावं म्हनलं. खिडकीतनं बगितलं. तू लेकराला पाजत हुतीस अन् हसत हुतीस. तुजं लेकरू गेल्यापास्नं तुला हसताना मी बगितलं न्हवतं. मी गपचूप घरी आले. पुडं तिच्या हातात खुळखुळा बी बगितला."

"मग दादानं मारलं तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर त्यानं तुला मारलं असतं अन् घरातनं काढलं असतं. तुला माहेर न्हवतं. मला काय, आज न्हाय उद्या लगीन होऊन जायाचंच हुतं." त्यांनी हातातला खडा लांब फेकला. "मला वाटलं, दोन-चार वर्सांनी तू सांगशील. तुजं बस्तान बसंल, पोरं हुतील, मग सांगशील. पैल्या नागपंचमीला वाट बगितली. दुसऱ्या पंचमीला बगितली. कोन न्यायला येतंय का म्हनून रस्त्याला जाऊन उबी ऱ्हायची. मग सोडून दिलं."

केराआईंनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आत्या म्हणाल्या, "उट, गुडघं दुकतील." पण लगेच उठवलं नाही. त्यांचा एक हात केराआईंच्या पाठीवर कधी गेला, ते त्यांनाही कळलं नसेल.

थोड्या वेळाने माझ्याकडे बघून विचारलं, "हीच का ती?" मी पुढे झाले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून पाहिला. "जावळ लई दाट हुतं हिला," म्हणाल्या. "तुजी आई भली बाई हुती. हाय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मी खुळखुळा काढून त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "आत्या, हा कुणाचा ते आता तुम्हीच ठरवा." मला वाटलं होतं, त्या हात लावणार नाहीत. त्यांनी घेतला, कानाशी नेऊन वाजवला, पोवळ्यावरून बोट फिरवलं. आणि एकदम हसल्या. दात फारसे राहिले नाहीत, पण काय हसणं ते!

"छप्पन्न वर्सं चोर म्हनून घेतलं," म्हणाल्या, "आता घेतेच." आणि सरळ कमरेला खोचला.

केराआई रडता रडता हसायला लागल्या. तशा आत्या गंभीर झाल्या. "केरा, राग गेला असं समजू नगंस. तुज्यावर हाय. आईवर तर लईच हाय, ती मेली तरी हाय. ह्यो हसन्यानं जात नसतो."

"असू दे," केराआई म्हणाल्या. "जवर मी हाय तवर कर राग. पन येऊन कर."

मग आत्यांनी बिरुदेवभाऊंना हाक मारली. ते आले, पण मान वर करेनात. आत्या म्हणाल्या, "नाक दादाचं हाय. बाकी बरा हायेस." जेवूनच सोडलं आम्हाला.

परत येताना केराआई झोपून गेल्या, माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

तुझी,
प्रियाताई


होटगी,
५ मार्च २०२५

प्रिया,

विजूला बसवून लिवायला लावलंय. घाईची गोष्ट हाय.

सिद्धी आली. कोन न्यायला गेलं न्हवतं. आमी ठरवत हुतो की पंचमीला बिरुदेवानं जाऊन आनायची. ती परवा एकटीच एसटीनं आली. तूरडाळीची पिशवी अन् कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उबी. म्हनली, "पंचमीपतोर कोन थांबतंय, तवर मी ऱ्हाते का जाते!"

पैल्या दिवशी घरभर फिरली. जुनं काय काय कुटं हुतं ते विजूला सांगत हुती. चुलीची जागा दावली, भांडी घासायची जागा दावली. दादानं जितं मारलं त्या कोपऱ्यात आता बिरुदेवानं फ्रीज ठेवलाय. ती तितं जरा थांबली अन् म्हनली, "बरं झालं, हितं गारवा केलास." बिरुदेवानं तिच्या पायाला हात लावला. तिनं त्याच्या पाटीत धपाटा घातला, चांगला जोरात. 

सासूचा फोटो भितीवर हाय. त्याकडं तिनं बगितलं न्हाय. मी काडू का म्हनून इचारलं. "ऱ्हाऊ दे, मी बगतच न्हाय," म्हनली.

दोन दिसांत आमी तीनदा भांडलो. एकदा आमटीच्या मिठावरनं, एकदा तिनं मला इचारल्याबिगर शेळीला पानी दावलं म्हनून, अन् एकदा खरं भांडलो. तवा ती जुनं समदं बोलली अन् मी ऐकून घेतलं. विजू मदी यायला लागली, तिला म्या भाईर घालवली.

आज सकाळी अंगनात तिला म्हनलं, बस, डोकं इचरते. मी लगीन हून आले तवा ती तेरा वर्सांची हुती अन् तिची येनी मीच घालायची. आता केस पांडरे झालेत, लई पातळ. तेल लावलं, फनी घेतली. ती डोळं मिटून बसली.

"केरा, वढू नगं."

"वढत न्हाय गं."

 ऊन अंगावर आलं तरी कोन उटलं न्हाय.

तू रविवारी ये. दुपारी जेवायलाच ये, समद्यांच्या संगट बसायचं हाय. सिद्धी सोमवारी जायाचं म्हनती. तिचं गाठोडं खुंटीला हाय, पन आज तिनं त्यातली लुगडी काडून विजूच्या कपाटात ठेवलीत.

तुजी,
केराआई